तळटीप सतरा

नोव्हेंबरात कुरेसारेला साडेतीनलाच दिवा लावावा लागतो.
तो लावत होते, तेवढ्यात हेल्वेबाईंचा फोन:
"उर्वे, आमचे बाबा कुठे गेले गं?"

बाबा गेले एक्कावन्न सालच्या मार्चमध्ये,
गोठलेल्या समुद्रावरून घसरगाडी नेताना.
ते नव्हत्या विचारत.
विचारत होत्या तळटीप सतराबद्दल.

एव्हाल्ड मास्तरांनी परगण्याचा इतिहास लिहिला,
साध्या मजकुरात, दोन बोटांनी टाइप करून.
त्याची एचटीएमएल पानं माझा प्रोग्रॅम करतो.
मास्तर वर लिहितात, "त्या हिवाळ्यात बर्फानं
तीन माणसं नेली, आणि मुस्ती नावाची घोडी."
घोडीचं नाव वर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.
माणसांची खाली, बारीक अक्षरांत,
सतरा आकड्याच्या आड.
हा आदू दुसरीकडे कुठेच लिहिलेला नाही.
थडगंही नाही.

ऑगस्टमध्ये मास्तरांनी तिसऱ्या पानावर
पवनचक्कीची एक टीप नव्यानं घातली.
माझा प्रोग्रॅम बिचारा उजळणी म्हणतो: एक, दोन, तीन.
रांगेत मध्येच कुणी शिरलं
की मागचे सगळे एकेक पाऊल सरकतात,
आणि कुणी कुणाला सांगत नाही.
टोरांटोच्या पणतीला पाठवलेली लिंक,
योटेबोरीच्या पुतण्यानं कौटुंबिक कॅलेंडरात छापलेली लिंक,
आता दोन्ही उघडतात एकाच दारात:
"मीठ, पोत्यामागे चार रुबल."

हेल्वेबाई जरा थांबल्या.
"बाबा मीठच आणायला गेले होते म्हणा.
पण तरी."

रात्री मी हुशारी केली.
टिपेच्या मजकुरातूनच तिचा पत्ता काढला,
सगळी अक्षरं दळून बारा खुणांचं पीठ.
टीप कुठेही सरको, पीठ तेच.
खुशाल झोपले.
सकाळी मास्तरांनी मार्चपुढचा एक स्वल्पविराम खोडला
आणि पत्ता मुळापासून वेगळा!
एका स्वल्पविरामापायी माणूस दुसऱ्यांदा बुडाला.

मग मास्तरांची मूळ फाइल उघडली,
जी मी कधी माणसासारखी वाचलीच नव्हती.
तिथे टिपांच्या चौकटी कंसांत
आकडे नव्हतेच मुळी.
होतं: मीठ. पवनचक्की. लेइडाला-विचारणे.
बर्फ. पुन्हा-बर्फ.
आणि मुस्तीच्या वाक्याला टेकून:
हेल्वेचे-बाबा.

चार वर्षं माझा प्रोग्रॅम ही नावं वाचत होता,
मोजत होता,
आणि आकडा हातात आला की टाकून देत होता.

फार काम नव्हतं. सहा ओळी बदलल्या.
नाव हाच पत्ता. आकडा फक्त दिसायला,
तो खुशाल बदलो.
दोन प्रकरणं एका पानावर आली तेव्हा
बर्फ दोनदा निघाला, दर हिवाळ्याला निघतोच,
म्हणून नावामागे प्रकरणाचंही नाव जोडलं,
गावात दोन विलेम असले की करतात तसं.
एकाच टिपेकडे दोन वाक्यांतून आलेल्यांना
परत कुठे सोडायचं, त्यावर दोन दिवस गेले.
दोन बाण दिले. ज्यानं त्यानं आपल्या वाटेनं जावं.

पण बाहेर गेलेले जुने सतरा?
ते घर आता मिठाचं. त्याला कसं उठवणार?
मास्तरांना सांगितलं. ते नुसते खोकले.
दुसऱ्या दिवशी फाइल आली,
मिठाच्या टिपेच्या शेवटी एक ओळ जास्त:
"आदूला शोधत आलात का? एक घर पुढे."

संध्याकाळी हेल्वेबाईंचा फोन.
सापडले म्हणाल्या, वाचले म्हणाल्या,
मग चुकून बाणावर बोट पडलं
आणि वर घोडीपाशी पोचले.

बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मीही फोन ठेवला नाही.